दोन बाटल्या, एकच आलेख

दोन्ही बाटल्यांचे आलेख सारखेच आले, तेव्हा मी सरळ अश्विनीवरच घसरले. "बाटल्या बदलल्यास तू," म्हटलं.

"न्हाय ओ मॅडम. चिठ्ठ्या लावूनच भरल्यात की."

अश्विनी माझी पीएचडीची विद्यार्थिनी. हुपरीहून रोज एसटीनं यायची. दोघींनी मिळून आम्ही एक पेप्टाइड बेतलं होतं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. आमची साखळी साध्या पाण्यात सुटी राहायला हवी आणि पाणी आंबट झालं की स्प्रिंगसारखी वळायला हवी. तिचा सगळा प्रबंध एवढ्यावरच उभा होता. हा आकार डोळ्यांना दिसत नाही. सीडी नावाचं मशीन नमुन्यातून प्रकाश सोडून आलेख काढतं. साखळी सुटी असेल तर आलेखात एक खड्डा, वळलेली असेल तर दोन. आमच्याकडं आंबट पाण्याच्या बाटलीत दोन आणि साध्या पाण्याच्या बाटलीतही दोन.

तीनदा केलं. तेच. डिझाइन चुकलं म्हणावं, तर कॉम्प्युटर साखळी सुटी दाखवतोय. मशीन बिघडलं म्हणावं, तर बाकीच्यांचे नमुने झकास चाललेत. माझं डोकंच चालेना. शुक्रवारी तिच्या कामाचा आढावा घ्यायला प्रगती समिती बसणार होती. माझा शेरा वाईट गेला की फेलोशिप बंद. आणि मी 'कामात निष्काळजी' असं लिहूनही ठेवलं होतं.

गुरुवारी तिनं चाचरत विचारलं, पेप्टाइड घातल्यावरचा पीएच, म्हणजे आंबटपणा, एकदा बघू का. मी वैतागले. पेप्टाइड असतं चिमूटभर. मीटरचा दांडा त्यात बुडवला की नमुना वाया. म्हणून माझा नियमच होता, पीएच आधी मोजायचा, पेप्टाइड नंतर घालायचं. तिनं मीटर काढलाच नाही. एक थेंब कागदी पट्टीवर टाकला. पट्टी केशरी झाली. साधं म्हणवणारं पाणी चक्क आंबट होतं.

पेप्टाइडची पावडर तयार करताना वापरलेलं आम्ल तिच्यात उरलं होतं. ते पाण्यात उतरायचं आणि साखळी बिचारी सांगितल्याप्रमाणं वळायची. आम्ल काढून पुन्हा बघितलं, एक खड्डा. आंबट केलं, दोन.

मी शेरा फाडला. तिला सॉरी म्हटलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

"मलाबी वाटाय लागलंतं मॅडम," ती म्हणाली, "मीच बदलल्या असत्याल."



फेलोशिप चालू राहिली. आता आमच्याकडं पेप्टाइड घातल्यावर पट्टी लावतात. आणि कुणावर शेरा लिहायच्या आधी मी माझा नियम तपासते.