बिस्मिल्लाच्या रस्त्यात नसलेलं घर

बिस्मिल्लाले शिव्या द्याव्या का तिच्या गळ्यात पडून रडावं, हे मले आजही समजत नाई.

डोणगावची बांगडीवाली ती. नवरा रहेमतुल्ला होता तवा तो सायकलवर टोपली बांधून तिच्यासंगं गावोगाव फिरे. तो गेला अन् टोपली हिच्या डोक्यावर आली. हात असा मऊ, की बांगडी कधी चढली कळतच नसे. तोंड मात्र फाटकं! "इतकी आखडते काऊन व? नवरा मारते का सासू?" असं विचारे, अन् बाई हसता हसता घरातलं सारं सांगून मोकळी होये. बांगड्या भरताना पुरुष जवळ बसत नाई ना. तेवढाच वेळ बाईचा.

माहा मालक गोकुळ. नाव घेते, आता कोणाचा मुलाहिजा ठेवू? ज्या बियाण्याले अळी लागत नाई म्हणून सांगितलं, त्याच कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, वारा नाई, अन् हा माणूस दोन औषधं एकात कालवून दिवसभर फवारत होता. घरी आला तो उलट्या करतच. दवाखान्यात नेला, तिथंच जीव गेला. कोणीतरी म्हणालं, अंगात विष गेलं. झालं! गावानं ठरवून टाकलं, गोकुळनं औषध पेलं.

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं, मी माहेरी जाण्यावरून. "जीव नकोसा करून टाकला," असं म्हणून तो वावरात गेला. माह्या सासूनं, तानुबाईनं, ते ऐकलं होतं. "तुह्या तोंडानं माहा लेक मारला," तिनं मले तोंडावर सांगितलं, अन् त्यानंतर रोजच सांगत गेली. मी शपथा घेतल्या, पाया पडली. काही उपयोग नाई. माह्या शब्दाले कोण विचारते?

मग गावात अभ्यासाची मॅडम आली. फवारणीनं कपाशीवाल्यांच्या घरांत काय काय झालं, ते तिले घरोघर विचाराचं होतं. आधी पारावर बसली, तर पुरुषांनी तिले कापसाचा भावच ऐकवला. ओसरीत गेली, तर सासऱ्यासमोर सुना पदराआडून नुसती मान हलवत. पण पोरगी हुशार! बिस्मिल्लाले संगं घेतलं. बांगड्या भरता भरता बाया बोलाले लागल्या. डोळ्यांची आग सांगितली, चक्कर सांगितली, नवऱ्याचं आंधळ्यावानी चाचपडत घरी येणं सांगितलं.

माह्या कानावर आलं तशी मी अंगण सारवलं. सासूले ओसरीतल्या बाजेवर बसवलं. म्हटलं, शिकलेली बाई विचारीन, मी सांगीन, अन् म्हातारी ऐकीन. बिस्मिल्ला अन् मॅडम आमच्या कोपऱ्यापर्यंत आल्या. अन् वळून गेल्या, माय!

बिस्मिल्लाची रीतच होती तशी. कुंकू पुसलेल्या घरी ती टोपली नेत नसे. तिचेही हात रिकामे, म्हणून तर तिले जास्त वाटे. बांगड्या पाहून बिचारीचा जीव जळीन, असं. मायाच होती ती. पण त्या मायेनं गावात ज्या ज्या घरचा माणूस गेला, नेमकं तेच घर सुटलं.

पुढं ग्रामपंचायतीत मॅडमनं आपलं लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सासूही गेली होती. फवारणीनं माणसं आजारी पडली, असं त्यात होतं. पण त्यानं मेलं कोणी नाई. एक माणूस गेला, तो औषध पिऊन, असं शेजारी सांगतात. बिस्मिल्ला तिथंच ओरडली, "अरे, पण त्याच्या बायकोले कोणी पुसलं?" अन् सभा सोडून माह्या दारात आली. टोपली नव्हती डोक्यावर. "बोल बेटा," म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी मले बोल म्हटलं. मी सारं ओकलं.

तिनं मॅडमले ओढतच आणलं. मॅडमनं ऐकलं अन् खालीच बसली. "चूक माही आहे, ताई," म्हणाली. "मी एकीच्याच पायवाटेनं गाव फिरली. जिथं पाय वळत नाई, तिथं आधी जायले पाहिजे होतं." तिनं माहं म्हणणं लिहून घेतलं, नव्या कागदात घालते म्हणाली. घातलंही असन.

सासू बाजेवर बसून पाहत होती. "सभेत वाचलं ते खरं," ती म्हणाली. "आता ही रडून रडून दुसरं लिहून घेऊन राह्यली."

डोकं आपटून घ्यावं वाटलं मले.

त्या हिवाळ्यात तानुबाई अंथरुणाले लागली. बिस्मिल्ला रोज येऊन बसे. शेवटच्या दिवशी मी पाण्याची वाटी तोंडाशी नेली, तर म्हातारीनं तोंड फिरवलं. बिस्मिल्लानं माह्या हातातून वाटी घेतली अन् पाजलं. जिनं जन्मात मुसलमानाघरचा चहा घेतला नाई, ती तिच्या हातचं गटागटा पेली.

"माय, गोकुळनं नाई पेलं व," बिस्मिल्ला तिच्या कानाशी म्हणाली. "फवारा चढला त्याले. हिचा काही कसूर नाई."

म्हातारीनं माह्याकडं पाहिलं. मान हलवली, नाई म्हणून. अन् तशीच गेली.