शुक्रवारी दवाखाना बंद होता

देवाची कृपा, हे दोन शब्द कुणी सहज उच्चारले की अजूनही माझ्या जिभेवर कडू चव येते. आमच्या बाबतीत लोक ते फार सहज उच्चारतात. “वाचले ना? मग देवाचीच कृपा!” असं म्हणून चहा पितात आणि आपापल्या घरी जातात. मी मान हलवते. जे घडलं ते तेवढ्यात संपत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आम्ही ओमानमध्ये अल हैलला राहतो. हे रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचं काम बघायचे. माणूस धडधाकट, पण बीपीची गोळी म्हणजे म्हाताऱ्यांचं औषध, असं त्यांचं ठाम मत. त्या शुक्रवारी सुट्टी होती. जेवणाआधी पाणी पिताना त्यांच्या उजव्या हातातून पेला निसटला. उचलायला वाकले, तर बोटं मिटेनात. बोलणंही जड वाटलं, तोंडात घास असल्यासारखं. आठवडाभर उन्हात काम केल्याचा हा थकवा आहे, म्हणाले.

मी म्हटलं, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊ. त्यावर ते चिडलेच. “तिथे तासन् तास बसवून ठेवतात. कोपऱ्यावरच्या क्लिनिकात सलाइन लावतील, संध्याकाळपर्यंत बरा होईन.” मला ते पटलं नव्हतं. पण ते चालत गाडीपर्यंत आले, पट्टाही त्यांनी डाव्या हाताने लावला, आणि मला वाटलं, खरंच थकवा असेल. गाडी मी चालवत होते.

क्लिनिकचं दार बंद. नमाजाची वेळ होती, दुपारनंतरच उघडणार. मी परत इमर्जन्सीचं नाव काढलं, तर थांबू इथेच, म्हणाले. एसी चालू ठेवून आम्ही गाडीत बसून राहिलो. समोर मशीद, रस्ता रिकामा, डांबरावर ऊन थरथरत होतं. मी मनातल्या मनात गावच्या रवळनाथाला आळवत होते. देवा, ते दार उघड, एवढंच मागणं होतं. दार काही उघडलं नाही. मला रडू यायला लागलं, देवाचा रागही आला. एवढंसं मागितलं, तेही तुला देववत नाही?

शेजारी एक गाडी उभी होती. तिच्यातली ओमानी बाई नवरा मशिदीतून यायची वाट बघत होती. उतारवयाची, बलुची असावी; इथल्या बऱ्याच बलुची लोकांना हिंदी येतं, आणि ती हिंदीतच बोलली. आमच्याकडे बघता बघता ती उतरली आणि माझी काच ठोठावली. ती माझ्याशी बोलत होती, पण नजर ह्यांच्यावर होती.

“बहन, इसका मुँह देखो. एक तरफ गिर गया. मेरे भाई का ऐसा हुआ था.”

मी वळून बघितलं. इतका वेळ मी त्या बंद दाराकडे बघत होते, ह्यांच्याकडे नाही. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. हे काहीतरी सांगत होते आणि त्यातला एकही शब्द शब्द नव्हता.

“क्लिनिक खलास. हॉस्पिटल. यल्ला, मेरे पीछे आओ.”

नवऱ्याला मशिदीतच सोडून ती निघाली. मागे मी. तिने इंडिकेटर चालूच ठेवला होता. सिग्नलला ती पुढे गेली तर कडेला थांबून माझी वाट बघे. इमर्जन्सीच्या दारात तिने अरबीत असं काही सांगितलं की स्ट्रेचर धावत आलं. ह्यांना आत नेलं. सह्या करून मी मागे वळले, तेव्हा ती गेली होती. नाव विचारायचं राहून गेलं. त्यानंतर कित्येक शुक्रवारी मी त्या मशिदीसमोर जाऊन उभी राहिले. ती पुन्हा दिसली नाही.

डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देण्यापुरता वेळ उरला होता, म्हणून जीव वाचला. मग हळू आवाजात म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर कदाचित बोलणंही वाचलं असतं. हेच मला गिळवत नाही. क्लिनिक उघडं असतं, तर सलाइन लावून ते आत झोपून राहिले असते आणि तिथेच सगळं संपलं असतं. बंद होतं म्हणून ती बाई भेटली. आणि बंद होतं म्हणूनच आम्ही त्या उन्हात नेमका तोच वेळ घालवला. यातली कृपा कुठली आणि शिक्षा कुठली, हे वेगळं करायचा मी खूप प्रयत्न केला. आता सोडून दिला आहे.

कारखान्याने त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. हे घरी असतात. उजवा हात मांडीवर ठेवलेला, नजर खिडकीबाहेर. काही हवं असलं की चिडून टेबलावर थाप मारतात.

गेल्या गणपतीत इथली कोकणातली मंडळी एका घरी जमली होती. मी ह्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून नेलं. एका वयस्कर काकांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडलं. “बा देवा म्हाराजा, परमुलखात आसलेल्या ह्या लेकरांका सांभाळ.” सगळ्यांनी एका सुरात होकार दिला. त्या गलक्यात मला शेजारून ह्यांचा आवाज ऐकू आला. स्पष्ट, पूर्वीसारखा.

“होय म्हाराजा.”

पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा “होय म्हाराजा.” त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर चिडचिड नव्हती. घरी आल्यावर मी आशेने त्यांच्यासमोर बसले. माझं नाव घ्या, म्हटलं. त्यांनी खूप प्रयत्न केला. ओठ हलले, घाम आला, नाव आलं नाही.

देवाला होकार द्यायला त्यांच्याकडे शब्द उरला आहे, मला हाक मारायला नाही. हे सलतं, आणि सलत राहील. तरी रोज दिवा लावताना त्या अनोळखी बाईसाठी हात जोडते, आणि मग ह्यांच्या शेजारी बसून गाऱ्हाणं घालते. ते होय म्हणतात. त्यांच्या मागोमाग मीही म्हणते. मन अजून म्हणत नाही. पण आवाज दोघांचा निघतो.