पोहोचल्याची खूण

ऑफिसात तिला सगळे झडतीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं. ऑफिसातलं तिला ठाऊक नसलेलं असं फारसं काही नव्हतंच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ही पाणीसुद्धा फुंकून प्यायची. उपजत खोड, दुसरं काय!

पण या खोडीमुळेच तिला ते काम मिळालं. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी अ‍ॅप बनवायचं होतं आणि त्याचा एकेक स्क्रीन तिने आखायचा होता. मालक उत्साही आणि उतावळा. जिला लिफ्टमधल्या आरशाचाही संशय येतो तिच्याहून लायक बाई कुठून मिळणार, असा त्याचा हिशोब. आणि तो चुकला नव्हता. मुक्कामाच्या खोल्यांची माहिती गोळा करताना 'अगदी घरच्यासारखं वाटलं' असं कोणी लिहिलेलं दिसलं की ती ते बाजूला काढायची. "हा पाहुणा नाही," ती म्हणायची, "हा लॉजवाल्याचा मेहुणा आहे."

मालकाशी तिचं खरं वाजलं ते नकाशावरून. बाई निघाल्यापासून परत येईपर्यंत ती कुठे आहे हे घरच्यांना नकाशावर दिसत राहावं, असं त्याच्या मनात होतं.

"बाई कुठे आहे हे कळणं म्हणजे तिच्या घराची किल्ली हातात येणं," झडतीबाई म्हणाली. "ती कोणाकोणाला वाटणार तुम्ही? उद्या कुंपणानेच शेत खाल्लं तर?"

शेवटी तिचंच खरं झालं. बाईने मुक्कामी पोहोचल्यावर 'पोहोचले' हे बटण दाबायचं, घरच्यांच्या फोनवर हिरवी खूण उमटायची, आणि माग तिथेच थांबायचा. बटणाखालची वाक्यं तिने स्वतः लिहिली: 'प्रवास संपला. आता तुम्हाला कोणी पाहत नाही.' या दोन वाक्यांचा तिला मनातून अभिमान होता. आता, चाचणी चालू असेपर्यंत प्रोग्रामरने बटण दाबल्यावरही माग चालू ठेवला होता, बिघाड सापडावेत म्हणून. "चाचणीपुरतं हं," तो म्हणाला, आणि तिने मान डोलावली. स्क्रीनवरची वाक्यं मात्र होती तशीच राहिली. लोकांच्या पाकिटातली खोटी नोट तिला लांबून दिसायची. हे दिसलं नाही.

चाचणीसाठी बायका घरच्याच गोळा केल्या: प्रोग्रामरची बायको, मालकाची बहीण आणि झडतीबाईची आई.

मायलेकी दोघीच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. खिडकीखाली रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसचे थांबे. वडील होते तोवर आई त्यांच्याशिवाय कुठे गेली नव्हती. ते गेल्यावर मात्र दर गुरुवारी ती बसने मावशीकडे जाऊ लागली. मावशीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. निघताना लेकीची सरबत्ती ठरलेली: कितीची बस, फोन चार्ज आहे का, शेजारी कोण बसलं तर काय करशील. अ‍ॅप आल्यावर हे प्रश्न जरा कमी झाले. दुपारी हिरवी खूण दिसली की झडतीबाई सुखाने डबा उघडायची.

एका गुरुवारी ती ऑफिसात चाचणीचा नकाशा बघत होती. नकाशावर नावं नव्हती, नुसते ठिपके. हाही तिचाच आग्रह. एका ठिपक्याने 'पोहोचले' दाबलं होतं आणि तरी तो पुढे चाललाच होता. बिघाड सापडला म्हणून ती खूश झाली. मग तिने ठिपका कुठून निघाला ते पाहिलं. त्यांच्याच खिडकीखालचा थांबा. तिच्या मनात पाल चुकचुकली. ठिपका मावशीच्या घरावरून सरळ पुढे गेला, शहराबाहेरच्या तळ्यापाशी, शेवटच्या थांब्यावर थांबला आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही.

रात्री जेवताना तिने विषय काढला. "मावशी कशी आहे?"

"बरी आहे की."

"गुडघे?"

"तेच रडगाणं. तुला विचारत होती."

आई डोळ्याला डोळा भिडवून, घास चावत चावत खोटं बोलत होती, आणि इतकं सफाईदार की लेकीला क्षणभर नकाशाचाच संशय आला. आईच्या नकळत मावशीला फोन केला, तर मावशी आधी चाचरली आणि मग कुकरच्या शिट्टीचं निमित्त करून तिने फोन ठेवला. शिट्टी काही ऐकू आली नव्हती. म्हणजे तीही सामील!

पुढचा आठवडा झडतीबाईच्या मानगुटीवर भूत बसलं होतं. आईला कोणी नादी लावलं असेल? कोणी गोडबोल्या कागदावर सह्या घेत असेल? की काही दुखणं आहे आणि तिथे गुपचूप औषध चाललंय? हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, टॅक्सी केली आणि तळ्यावर जाऊन उभ्या बसच्या आडून पाहू लागली. आई पाण्याकडे तोंड करून बाकावर बसली होती. आणि शेजारी एक पुरुष! टोपीवाला, आईच्या वयाचा. दोघं कशावर तरी हसत होती. तेवढ्यात तो उठला, आईचा रिकामा कप उचलला आणि मागच्या टपरीत जाऊन स्टोव्हला पंप मारू लागला. चहावाला होता.

मग आईने चपला काढल्या आणि पाय बाकावर घेऊन ऐसपैस मांडी घातली. अर्धं बिस्किट स्वतः खाल्लं, अर्धं कुत्र्याला दिलं. आणि बसून राहिली. कोणी आलं नाही, कागद निघाले नाहीत, औषधाची बाटली निघाली नाही. झडतीबाईने खूप वाट पाहिली. काहीसुद्धा घडलं नाही.

शेवटी आईनेच मान वळवली आणि तिला पाहिलं. दचकली नाही. पाय खाली घेतले, चाचपून चपला घातल्या, केस सारखे केले, आणि तिचा चेहरा घरच्यासारखा झाला.

"न्यायला आलीस?"

"नाही गं, सहज…"

"इतक्या लांब सहज कोणी येत नाही. चल."

"बस ना. चहा घेऊ."

"झाला माझा."

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. झडतीबाईला राहवेना. "खोटं का बोललीस माझ्याशी?"

"मावशीकडे जाते म्हटलं की तू दहा प्रश्न विचारतेस. तळ्यावर जाते म्हटलं असतं तर रात्रभर विचारले असतेस."

"पण तिथे आहे काय?"

"काही नाही. म्हणून तर जाते." आई खिडकीकडून तिच्याकडे वळली. "तुला कळलं कसं?"

लेकीने सांगितलं. आईने पर्समधून फोन काढला, चष्मा लावला आणि बटणाखालची ती दोन वाक्यं ओठ हलवत वाचली.

"इथे तर लिहिलंय, आता तुम्हाला कोणी पाहत नाही. मी दर वेळी वाचायचे हे. बरं वाटायचं. कोणी लिहिलं गं?"

"मी."

"हं," आई म्हणाली. मग फोन पर्समध्ये परत ठेवत म्हणाली, "तुझे बाबा होते तोवर माझं तिकीट त्यांच्या खिशात असायचं. आता तुझ्या."

पुढच्या गुरुवारी आई घरीच राहिली. गुडघे दुखतात म्हणाली. त्याच्या पुढच्याही गुरुवारी तेच. दुपारभर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या मोडायची, पुन्हा घालायची. झडतीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर ती चोर शोधत आली होती, आणि आईचं होतं नव्हतं ते तिनेच नेलं होतं.

ऑफिसात तिने माग सगळाच बंद करायला लावला, चाचणीचासुद्धा. प्रोग्रामर कुरकुरला. मालक म्हणाला, "मग घरच्यांना काय दाखवायचं?"

"बाई स्वतः दाखवेल तेवढंच. तिला मदत हवी असेल तर ती बटण दाबेल आणि मगच दिसेल."

"घरच्यांचा विश्वास कसा बसणार?"

"मला घरच्यांचाच संशय आहे."

"कोणाच्या घरच्यांचा?"

"माझ्या," ती म्हणाली. "म्हणजे माझाच."

मालकाची बहीण त्या दिवशी मीटिंगला होती. तिने भावाकडे असं बघितलं की त्याने पुढचा मुद्दा घेतला.

घरी झडतीबाईने आईसमोर फोन धरला. "बंद केलंय. आता खरंच कोणी बघत नाही."

"कशावरून?" आई म्हणाली.

तिने लॅपटॉपवर ऑफिसचा नकाशा उघडून दाखवला. आई फोन घेऊन खाली रस्त्यावर जाऊन आली. ठिपका उमटला नाही. तरी तिचं समाधान होईना. पाणी प्यायचं सोंग करून ती मागच्या जिन्याने पुन्हा एकदा उतरली आणि धापा टाकत वर येऊन आधी लॅपटॉप तपासला. गुडघ्यांचं दोघींपैकी कोणी काही बोललं नाही.

गुरुवारी सकाळी आईने पर्स उचलली आणि प्रश्नांची वाट बघत दारात उभी राहिली. लेकीने जीभ दाताखाली धरली. आई निघाली. झडतीबाई खिडकीशी धावली, ती काही सुधारली नव्हती. आईने रस्ता ओलांडला आणि समोरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. उलट्या दिशेच्या. तिकडे ना मावशी, ना तळं! ही निघाली कुठे? बस आली, आईला घेऊन गेली.

तो दिवस तिने कसा काढला ते तिलाच माहीत. एका खोलीच्या माहितीत तिने तोच फोटो पुन्हा पुन्हा तपासला. हात फोनकडे जायचा आणि मागे यायचा. अंधार पडायच्या आत आई घरी आली. चेहरा उन्हाने लाल झालेला, चपलांना कसलीशी तांबडी माती. झडतीबाईने ती माती पाहिली आणि निमूटपणे ताटं घेतली.

दोघी जेवायला बसल्या.

"विचार ना, कुठे गेले होते," आई म्हणाली.

"कुठे गेली होतीस?"

"सांगणार नाही," आई म्हणाली, आणि इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि लेकीला उठून तिची पाठ चोळावी लागली.