घोडदळातले पाळकसाहेब
"उभे राहा!" पाळकसाहेब गरजले आणि उधळलेल्या घोड्यावर, रिकिबीत पाय रोवून, मी खरोखर उभा राहिलो.

आखातात, खलिफा सिटीजवळच्या तबेल्यात आम्हाला घोडेस्वारी शिकवणारे हे गृहस्थ आधी पुण्यात मेथडिस्ट पाळक होते, मग घोडदळात अधिकारी झाले. आवाज असा, की इथे प्रार्थना म्हटली तर शारजात आमेन उमटेल. घोड्यांना चर्चच्या मंडळीसारखं अहो-जाहो, आम्हा ऑफिसवाल्यांना रंगरुटासारखं अरे-तुरे.

घोडा जागीच थांबला. मी असा उडालो, की शेजारच्या विमानतळाने दोन विमानं तरी रोखली असतील. वाळूत पडल्यापडल्या मान शाबूत आहे का ते चाचपत ओरडलो, "सर, तुम्हीच उभे राहा म्हणालात ना?"

"तुला मी कधी अहो म्हटलंय?"