जुन्या सेलांवरचा आवाज

हैदराबादहून स्टीरिओ आणला तेव्हा बसमध्ये एक स्पीकर माझ्या मांडीवर होता, दुसरा बायकोच्या. कंडक्टर म्हणाला, डेक टपावर टाका. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो म्हणाला, "मग तिकीट काढा." काढलं. डेक उटनूरपर्यंत खिडकीशी बसून आला.

दुकानदारानं निघताना बजावलं होतं, "मशीन कितीही भारी असो, रेकॉर्डिंग चांगलं नसेल तर सगळं मातीत." झालं! दोन महिने मी कॅसेटी पारखल्या. घरातली भजनं नापास, कारण पेटी गाणाऱ्याच्या उरावर बसलेली. बायकोच्या माहेरची लग्नाच्या गाण्यांची कॅसेट तर मी मुखडा संपायच्या आत बाहेर काढली. तिनं ती उचलून कपाटात ठेवली. शेवटी तीनच पास झाल्या. बारीक आवाजासाठी संतूर, शोकेसमधले ग्लास थरथरवणारा तबला, आणि वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो अशी एक बासरी.

दर रविवारी ऑफिसातले लोक स्टीरिओची परीक्षा बघायला येत. कुठं बसल्यावर दोन्ही स्पीकर सारखे ऐकू येतात तिथं मी फरशीवर खडूनं फुली मारली होती. साहेब फुलीवर बसत, डोळे मिटत, "बागुंदी, बागुंदी" अशी तेलुगूत वाहवा करत. चहा होई, परत चहा होई. आतून बायको सांगे, "जेवण थंडं होऊन राह्यलं." मी बोट वर करी. बासरीवाल्याचा श्वास चालू असे ना!

अशात नार्नूरकडच्या आमच्या गावाहून बाबा आले. कापूस विकून झाला होता. पिशवीत त्यांचा जुना टेपरेकॉर्डर आणि एकच कॅसेट. रेकॉर्डर बाजारातून आणला त्या दिवशी ते अंगणात बसून बटणं दाबत होते, आणि माय त्यांना रागावली ती त्यात भरली गेली. माय जाऊन चार वर्षं झाली होती. तिचा आवाज तेवढाच राहिला होता, तोही खरखरीत, आणि शेवटचं बोलणं त्या खरखरीत बुडालेलं.

"तुया डब्ब्यात म्हने मानसाचा श्वास बी आयकू येते," बाबा म्हणाले. "मंग थे शेवटाले काय म्हनते, तेवढं आयकव."

आणि मी शहाणा काय बोललो? "बाबा, असली कॅसेट लावली की हेड खराब होते." सख्ख्या बापाला! आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

बाबांनी तीन दिवस मुकाट्यानं बासरी ऐकली. चौथा दिवस रविवार. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "त्याचा श्वास आयकला. आता तुया मायचा आयकव."

लावली. स्पीकरमधून कोणी लहान पोरगी चिवचिवत पळाल्यासारखं वाजलं आणि संपलं. "हे कोन होय?" बाबांनी विचारलं. मी ही कळ फिरवली, ती फिरवली, पुन्हा लावली. तीच चिवचिव. मग तज्ज्ञ माणसासारखं सांगितलं, "रेकॉर्डिंगच खराब हाये."

"खराब काऊन राहीन? नव्या सेलवर थे अशीच पळते. तिले जुने सेल लागतात."

बाबा उठले आणि कुंपणाच्या भिंतीवर सकाळपासून उन्हात ठेवलेले आपले चार जुने सेल घेऊन आले. मी हसलो. हसता हसता डोक्यात उजेड पडला. मायचा आवाज भरला त्या दिवशी बाबांनी नव्या रेकॉर्डरमध्ये टॉर्चमधले जुनेच सेल घातले असणार, मरायला टेकलेले. टेप हळूहळू चालत भरली होती, म्हणून तितक्याच हळू चालवली तरच माय मायसारखी बोलणार होती. माझा डेक तिला पळवत होता. हे अडाणी म्हाताऱ्याला ठाऊक आणि मला नाही!

सेल जुन्या रेकॉर्डरमध्ये घातले, त्याच्या इअरफोनच्या भोकातून डेकला वायर जोडली. खरखर कमी केली. बाबांना फुलीवर बसवलं.

"काऊन बसून राह्यले जी थे डब्बं घेऊन? भाकर थंडी होऊन राह्यली." आमच्या घरात माय बोलली. जशीच्या तशी. मग जरा थांबून, पाठ फिरवून बोलावं तसं, "जेवून घ्या ना जी. मी बी सकाळपासून उपाशीच हाव."

टेप खट्‌कन थांबली.

"मले वाटे, थे शेवटाले प्याच्या पान्याचं काई बोलली," बाबा म्हणाले. "त्या दिसी मी दिवस कलल्यावर जेवलो. तिले इचारलंच नाई."

दुसऱ्यांदा लावू का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. मान वळवून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं माझी बायको पदराला हात पुसत उभी होती, ऐकत. घड्याळात अडीच वाजून गेले होते.

"तू जेवली का वं, बाई?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "रविवारी मी चाराच्या आत कुठं जेवते?"