भाजणीच्या रांगेतले संसार

चौसाळ्यात हायवेला लागूनच आमची पिठाची गिरणी आहे. मालक दळतात, मी डबे मांडून घेते. मालक म्हणजे माझा नवरा, आमच्याकडं तसंच म्हणतात. दसरा झाला की चकलीच्या भाजणीचे डबे यायला लागतात आणि दिवाळीपर्यंत बायकांची रांग हटत नाही. गिरणीच्या आवाजात आपलं कुणाला ऐकू जात नाही, असं प्रत्येकीला वाटतं. त्यामुळं घरात ओठावर न येणारं इथं मोठ्यानं बोललं जातं. ऐकायला मी असतेच! इतक्या वर्षांत हे एवढं साठलंय की दिवाळी म्हटलं की मला आधी, कुणाचं कुणाशी काय बिनसलं होतं तेच आठवतं.

*

मागच्या दिवाळीत एक नवीन लग्न झालेली सून रांगेत मोबाइल वाचत उभी होती. 'सणासुदीत नवरा-बायकोनं गोडीत कसं राहावं' असं काहीतरी होतं. बायकांनी आग्रह केला म्हणून तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. कामं वाटून घ्या. जुनी भांडणं उकरू नका. रोज अर्धा तास फक्त एकमेकांसाठी काढा.

टेम्पोवाल्याची बायको मागं उभी होती. तिनं अर्ध्या तासाचं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आमच्याकडं उलटं हाय. ते अर्धा तास घराबाहेर गेले, की तेवढीच दिवाळी."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. डबा पुढं सरकवून मला म्हणाली, भाजणी गव्हावर घेऊ नका, हरभऱ्याच्या डाळीवर घ्या.

*

दत्ता आणि मंदाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दर भाऊबीजेला त्यांची भांडणं ठरलेली. तिला भावाकडं जायचं असायचं आणि ह्याच्या बहिणी इकडं यायच्या असायच्या. एका वर्षी तर फराळाचं ताट थेट रस्त्यावर आलं.

पुढच्या वर्षी दोघांनी शहाण्यासारखं ठरवलं. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत एकमेकांशी बोलायचंच नाही. बोलणं नाही तर भांडण नाही. ती दिवाळी इतकी शांततेत गेली की शेजाऱ्यांनी कौतुक केलं. फक्त भाऊबीज झाल्यावर आधी कुणी बोलायचं, ते ठरवायचं राहून गेलं.

ते राहिलं ते राहिलंच. आजही दोघं एकाच गाडीवर दळणाला येतात. मंदा मला म्हणते, त्यास्नी विचारा, ज्वारी आज दळायची का उद्या. मी तोंड फिरवून दत्ताला विचारते. तो मला सांगतो, तिला म्हणावं आजच. दोघांच्या मधे दोन हातांचं अंतर नसतं.

एकदा मंदा पुढं गेल्यावर मी त्याला म्हटलं, हे असं कुठवर चालायचं? त्याला खरंच नवल वाटलं.

"कावून वहिनी? आमचं लई बरं चाललंय. शेजारी इचारा, आवाज येतो का."

*

धोंडिराममामांची बायको ऐन पावसाळ्यात गेली. दिवाळीच्या तोंडावर मामा डाळ-तांदळाची पिशवी घेऊन बायकांच्या रांगेत येऊन उभे राहिले. त्यांना चकल्या करायच्या होत्या. भाजणीला काय किती घालायचं, ते त्यांनी विचारलं तर प्रत्येकीनं वेगळं सांगितलं. धान्य आधी भाजावं लागतं, हेही त्यांना तिथंच कळलं. परत घरी गेले, भाजून आणलं, थोडं करपवूनच आणलं. मालकांनी तसंच दळून दिलं.

दोन दिवसांनी मामा कागदात चकल्या घेऊन आले. उचलायला गेले तर हातात भुगा. मी म्हटलं, पहिल्यांदा होतंच असं.

"तिच्याबी अशाच तुटायच्या," मामा म्हणाले. "दर दिवाळीला पाव्हण्यांदेखत बोलायचो मी तिला." मग माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, "आमच्या वावरातली डाळच तसली असंल का ओ?"

मी म्हटलं, असंल मामा.

मामा गिरणीच्या पायरीवर बसले. तो सगळा भुगा त्यांनी एकट्यानं खाल्ला, कागद झटकला आणि गेले.

*

आता माझं सांगते. लग्नानंतरची दुसरी दिवाळी होती. मला दिवस गेले होते आणि ऐन धनत्रयोदशीला सगळं संपलं. घर पाव्हण्यांनी भरलेलं. नणंदा आलेल्या, त्यांची लेकरं आलेली. सणाच्या दिवशी हे तोंडातून काढू नको, असं सासूबाईंनी मला बजावलं होतं.

दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गिरणीत आले. मालक पाठमोरे उभे राहून दळत होते. गिरणी चालू होती. मी मागं उभी राहून सांगून टाकलं. मी म्हटलं, आपलं लेकरू गेलं.

त्यांनी मान वळवली नाही. हातानं पीठ चाचपून बघत विचारलं, "बारीक का जाड?"

मी म्हटलं, बारीक.

पाडव्याला सकाळी नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायची आमच्याकडं रीत आहे. मी वाटी घेऊन बसले. मालक पाटावर बसले आणि लगेच उठले. माझा दंड धरून त्यांनी मला पाटावर बसवलं आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला तेल लावायला लागले. नणंदा हसायला लागल्या. सासूबाईंनी विचारलं, हे काय नवीनच?

"तिचं डोकं दुखतंय," मालक म्हणाले. केसांत तेल जिरून गेलं तरी ते चोळतच होते.

गिरणीत त्यांना ऐकू गेलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

*

सोजरबाई वस्तीवर राहायच्या, मेंढरं राखायच्या. बोलणं कमी आणि जरब अशी की गावातले पुरुषही त्यांच्यापुढं आवाज खाली ठेवत. त्यांचा बाळू इथंच टायरचं दुकान चालवायचा आणि बायकोला, सुरेखाला घेऊन दुकानामागं राहायचा. एका दिवाळीत सासू-सुना मिळून भाजणीचा डबा घेऊन आल्या. सोजरबाई पुढं डब्यापाशी होत्या. सुरेखा मागं मैत्रिणीशी बोलत होती. आवाजावर आवाज काढून बोलत होती.

तेवढ्यात लाईट गेली. मोटर थांबली आणि सुरेखाचं वाक्य तसंच उरलं.

"...म्हणून भाऊबीजेची वाट बघते. माहेरी गेलं की चार दिवस मार तरी चुकतो."

हायवेवरच्या ट्रकचे आवाज तेवढे येत होते. सगळ्यांनी आधी सुरेखाकडं बघितलं, मग सोजरबाईकडं. सुरेखाचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, म्हातारी आता इथंच तिच्या कानाखाली वाजवणार.

सोजरबाई सावकाश मागं आल्या. त्यांनी सुनेच्या दंडावरची बाही वर सारली. बघितलं. बाही परत खाली केली.

"घरून काही आणायचं हाय का?" त्यांनी विचारलं.

सुरेखानं मानेनं नाही म्हटलं.

सोजरबाईंनी तिचं मनगट धरलं आणि रस्ता ओलांडला. पलीकडं पाटोद्याची काळीपिवळी जीप भरत होती, सुरेखाचं माहेर तिकडंच. त्यांनी तिला आत बसवलं. आम्ही सगळ्या इकडून बघत होतो. आम्हाला वाटलं, त्या आता परत येतील. त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि त्याही सुनेशेजारी चढून बसल्या. गाडी निघून गेली.

थोड्या वेळात लाईट आली. बाकीच्यांची दळणं झाली. संध्याकाळी गिरणी चालू असतानाच बाळू आला. घरी कुणी नाही, माय कुठं गेली, असं मला विचारायला लागला. मी काही बोलायच्या आत त्याला आपला डबा दिसला. त्यानं झाकण उघडलं. आत डाळ-तांदूळ जसेच्या तसे होते.

"हे कावून दळलं न्हाई?"

मी मालकांकडं बघितलं. ते गिऱ्हाइकाशी कधी बोलत नाहीत. चालू मोटरीवर हात ठेवून ते बाळूकडं वळले.

"लाईट न्हवती," ते म्हणाले.