लिव्हर धरायला कोणी नाही

बायको गेली त्यानंतर टिलर एकदाही चालू झाला नाही. गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हातारा दुःखात आहे म्हणून हात लावत नाही. दुःख आहे ते आहेच, पण कारण ते नव्हतं. तो चालू करायला दोन माणसं लागतात आणि घरात आता एकच आहे.

टिलर म्हणजे दोन चाकांचा छोटा ट्रॅक्टर. बसायला सीट नाही. मागून दोन मुठी धरून त्याच्या पाठोपाठ चालायचं, खाली पाती फिरतात आणि माती उकरतात. शहराबाहेर एका शेठचा बगीचा होता, तिथला हा. शेठ गेला, मुलांनी बगीचा मोडून प्लॉट पाडले आणि टिलर भंगारात, कबाड्याकडे येऊन पडला. मी तिथं पंपाची एक नळी शोधायला गेलो होतो. नळी मिळाली नाही, हाच घेऊन आलो.

मी मिलमध्ये फिटर होतो. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे जे काही येतं ते हातानं शिकलेलं. मिल बंद पडली तेव्हा लोकांचे पंप दुरुस्त केले. मग तेही कमी झालं, आणि रिकामे हात मला सहन होत नाहीत. जुनं गंजलेलं काही आणायचं, खोलायचं, चालतं करायचं, हा शौक तेव्हाच लागला. शिलाई मशीन, कडबा कापायचं यंत्र, एक जुना फवारणीचा पंप, सगळं परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. विकायला नव्हतं. चालावं एवढंच.

टिलर हातगाडीवरून उतरवला तेव्हा ती ओटल्यावर भाजी निवडत होती. त्याच्या आत चिमण्यांचं घरटं होतं.

"अहो, हे काय आहे?"

"ट्रॅक्टर आहे."

"होता," ती म्हणाली. "आता आंघोळ घाला त्याला आधी. मग घरात आणा."

पिस्टन आत धरून बसला होता. रॉकेल आणि डिझेल ओतून भिजत ठेवला, रोज सकाळी हँडलला थोडं हलवून बघायचो. महिना गेला, दीड गेला. ती चहा घेऊन यायची आणि विचारायची, "हलला का तुमचा पेशंट?" एके दिवशी केसभर हलला. मी तिला हाक मारली तर हात न धुता आली, कणकेचे हात घेऊन.

टाकीवर कंपनीची एक पितळी पाटी होती, काळी पडलेली. ती तिने चिंच लावून घासली, देवांच्या भांड्यांसारखी. पुसायला फडकी पण तिचीच. मशीनच्या कामाला नवं कापड चालत नाही, तेल पीत नाही. जुनी सुती साडी पाहिजे, धुऊन धुऊन मऊ झालेली. साडी विरली की ती आधी तिचे काठ फाडून वेगळे काढायची, कारण काठ घट्ट विणीचे असतात, पुसायच्या कामाचे नाहीत. मधलं कापड मला द्यायची आणि काठांची गुंडाळी करून खिळ्याला अडकवून ठेवायची. म्हणायची, बांधायला कामी येतील. टिलरवर झाकायला भैरवगढच्या छापाची आमची जुनी चादर, ती पण तिनेच काढून दिली.

आता लिव्हरचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं.

या इंजिनाला बटन नाही, बॅटरी नाही. हँडल मारून उठवायचं. इंजिनाच्या डोक्यावर बोटाएवढं एक लिव्हर आहे. ते वर उचलून धरलं की आत हवा दाबली जात नाही आणि हँडल हलकं फिरतं. फिरवत फिरवत वेग आला की लिव्हर सोडायचं. ते खाली पडतं, हवा दाबली जाते, डिझेल पेटतं, इंजिन उठतं. बनवणाऱ्यानं जवान माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनवलं, डावा हात लिव्हरला आणि उजवा हँडलला. माझ्याकडे आला तेव्हा माझी साठी उलटलेली. एका हातानं वेग येईना. दोन्ही हात हँडलला लागले, तर लिव्हर कोण धरणार?

ती धरायची. पदर खोचून उभी राहायची, दोन बोटांनी लिव्हर उचलायची आणि तोंड दुसरीकडे करायची, धुराच्या भीतीनं. मी फिरवत सुटायचो. मग ती म्हणायची, "घ्या," आणि सोडायची. चहाचा कप पुढे करताना म्हणतात ना, तसंच. की इंजिन उठलंच. दरवेळी. शेजारी म्हणायचा, "काकी, यही तो आपका बेटा है." ती म्हणायची, "बेटा असता तर हँडल मारून उठला असता का?" आम्हांला मूलबाळ नाही. हे ती हसून बोलायची, मला मात्र तेव्हा हँडल पुसायला घ्यावं लागायचं.

दुसऱ्या घरांत खंडेनवमीला औजारं पूजेला मांडली की त्या दिवशी वापरत नाहीत. आमच्याकडे तिनं उलट रीत पाडली. हळदकुंकू, झेंडू, नारळ, आणि मग टिलर चालू करून दाखवायचा. म्हणायची, देवाला उठवलंच नाही तर पूजा कशाची करून राहिलो आपण? थोडा वेळ चालला की ओटल्यावरून ओरडायची, "पुरे आता, कान गेले." मी बंद करायचो. मग जेवण.

ती थंडीत गेली. त्यानंतरच्या नवमीला वर्ष झालं नव्हतं, सण नव्हता. चादर काढलीच नाही.

या वर्षी श्रावणात एक हॉटेलवाला आला. आता आमच्या भागात दर दोन घरं सोडून यात्रेकरूंसाठी हॉटेल झालं आहे, सोमवारी माझ्या दारासमोर बाहेरगावच्या गाड्या लागतात, मला सायकल काढता येत नाही. यानं टिलरबद्दल कोणाकडून तरी ऐकलं होतं. चादर उचलून टिलर सगळीकडून बघितला, फोटो काढले.

"बाबूजी, गेट पे रखेंगे. लाल रंग करके. आनेवाले लोग फोटो खींचेंगे."

"चालतो आहे तो," मी म्हणालो. "चलता है."

"चलाना किसको है? अंदर का माल निकाल देंगे, हल्की हो जाएगी. ऊपर का ढाँचा चाहिए बस."

मी त्याला हाकलून द्यायला पाहिजे होतं. दिलं नाही. कारण तो निघताना सहज विचारून गेला, "आख़िरी बार कब चली थी?" आणि मी मनात महिने मोजायला लागलो. बंद पडलेलं लोखंड शेडमध्ये झाकून ठेवणं आणि गेटवर लाल रंग लावून ठेवणं, यात मोठा फरक काय? मी त्याला थांबवलं आणि सांगून दिलं, नवमीला चालू झाला तर माझा. नाही झाला तर दसऱ्याला टेम्पो घेऊन ये. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा भाव वाढवून राहिला आहे.

भादव्यात मी कामाला लागलो. टाकी खाली केली, तळाशी काळा गाळ होता. फिल्टर धुतला, तेल बदललं, नोझल काढून साफ केलं. फडक्यांची पिशवी तळाला गेली होती. तिच्या बाकीच्या साड्या पेटीत आहेत, त्यांना मी हात लावला नाही. त्या फाडायच्या तर तिनंच फाडायच्या. मी बनियन फाडून वापरलं.

आता लिव्हर. शेजाऱ्याला बोलावलं. तो आधी टेम्पो चालवायचा, आता गुडघ्यांमुळे घरी असतो, दिवसभर बोलत असतो. त्याला समजावलं, मी सांगेन तेव्हाच सोड.

"अरे दादा, इत्ती सी चीज़ है. पूरी ज़िंदगी गियर बदले हैं मैंने."

मी फिरवायला लागलो. माझा दम लवकर भरतो, बोलायला श्वास उरत नाही. हे मला तेव्हाच कळलं. "सोड" म्हणायचं होतं तर तोंडातून नुसती हवा निघाली. त्याला वाटलं मी म्हणालो. वेग आलेला नव्हता. त्यानं सोडलं आणि हँडल उलटं आलं, मनगटावर बसलं. मोडलं नाही, पण सुजून टम्म झालं. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला.

"दादा, ये मशीन मेरे को पहचानती नहीं," म्हणाला. "काकी कैसे करती थीं? आप बोलते थे क्या उनको?"

मी विचार केला. मी कधीच बोलत नव्हतो. बोलायला श्वास तेव्हाही नव्हता. ती आवाजावरून ओळखायची. तोंड फिरवून उभी असायची ते धुरासाठी आहे असं मला इतकी वर्षं वाटत आलं, पण ती कान इंजिनाकडे करत होती. हँडल कधी जड आहे, कधी हलकं, मला ठाऊक. सोडायची वेळ कोणती, ते मला ठाऊक नव्हतं. ते काम माझं नव्हतंच.

मनगटाची सूज उतरेपर्यंत पितृपक्ष गेला. तिच्या तिथीला जेवू घातलं, कावळे आले, लवकर शिवले. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली नाही. मी म्हणालो, बरं.

मग एकट्यानं करायचा विचार केला. नायलॉनची दोरी लिव्हरला बांधली, शेडच्या वरच्या पाइपावरून घेतली आणि टोक दातांत धरलं. हँडल मारलं तर कवळी दोरीबरोबर निघाली आणि शेडच्या कोपऱ्यात जाऊन पडली. मी तिथंच स्टुलावर बसलो. ती असती तर हसून हसून खाली बसली असती आणि आठ दिवस येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं असतं. मला एकट्याला हसू येईना. कवळी धुतली आणि आत गेलो.

पायानं करायचं ठरवलं. दोरीचा फास पायात, चवडा खाली दाबला की लिव्हर वर, चवडा उचलला की खाली. पण नायलॉन ताणलं जातं, लिव्हर पुरतं उचललंच जात नाही. तार लावली तर ती पाइपावर अडकते, वेळेवर सुटत नाही. ताण न खाणारं आणि घसरणारं काही पाहिजे होतं. मी शेडमध्ये इकडेतिकडे बघत होतो आणि खिळ्यावर काठांची गुंडाळी होती. हिरवा, मेंदी, एक जांभळा. बांधायला कामी येतील म्हणून ठेवलेली. जांभळा घेतला, लांब होता. पाइपावर ग्रीस लावलं, काठ वरून घेतला. ताणला गेला नाही. सोडला की लिव्हर टक्कन पडायचं.

नुसतं हँडल किती दिवस फिरवत राहिलो, डिझेल बंद ठेवून. फिरवायचो आणि ऐकायचो. सुरुवातीला फस् फस् होतं, मग ते एकमेकांत मिसळतं, मग खाली एक जाड आवाज धरतो. तो धरला की वेळ झाली. शेजारी भिंतीवरून बघायचा. "दादा, व्यायाम चालू है?" मी फिरवत राहायचो.

नवमीला सकाळी पूजा केली. हळदकुंकू मी लावलं, वाकडं लागलं. पाटी चिंचेनं घासली होती, तिच्याइतकी उजळली नाही. झेंडूची माळ मुठीला. नारळ फोडला. डिझेल उघडलं, पाय फासात घातला, चवडा दाबला, दोन्ही हात हँडलला.

पहिल्यांदा फिरवलं आणि चवडा उचलायची हिंमतच झाली नाही. मनगट आठवत होतं. थांबलो, श्वास घेतला. पुन्हा फिरवलं. फस् फस् मिसळलं, खालचा जाड आवाज धरला. माझ्या तोंडातून "घ्या" निघालं. मोठ्यानं नाही, तेवढाच श्वास होता. चवडा उचलला.

उठलं. आधी पांढरा धूर, मग काळा, मग साफ. सगळं शेड हलायला लागलं, खिळ्यावरचे नट खोलायचे पाने वाजायला लागले.

शेजारी लंगडत दाराशी आला. "दादा," त्यानं ओरडून विचारलं, "लिवर किसने पकड़ा?"

मी पायाकडे बोट केलं. त्यानं पाय बघितला, काठ बघितला, काठ वर कुठं जातो ते बघितलं. टिलरला हात जोडले आणि घरी गेला, त्याच्याकडे पण पूजा होती.

मी हॉटेलवाल्याला फोन लावला. सांगितलं, टेम्पो आणू नको.

"कुछ सुनाई नहीं दे रहा बाबूजी, बहुत आवाज़ आ रही है पीछे से."

"वही आवाज़ है," मी म्हणालो आणि ठेवला.

मग स्टूल घेऊन बसलो. टिलर चालून राहिला होता, मी वाट बघत होतो. कशाची ते थोड्या वेळानं लक्षात आलं. ओटल्यावरून कोणी ओरडेल, पुरे आता, कान गेले, मग मी बंद करणार. इतकी वर्षं तसंच बंद करत आलो. आपल्या मनानं बंद करायला हात पुढं होईना.

डिझेल इंजिन टाकी संपेपर्यंत चालवत नाहीत. नळीत हवा धरते, मग पुन्हा एकेक नट सैल करून सगळी हवा काढत बसावं लागतं. मिलमध्ये कोणा पोरानं असं केलं असतं तर मी कानाखाली दिली असती. मला सगळं ठाऊक आहे. तरी बसून राहिलो, तो खोकला, दोनदा अडखळला आणि आपोआप थांबला तोपर्यंत. माळेतले झेंडू हलायचे थांबले. बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता.

हवा काढीन. मला दुसरं काम काय आहे.